आधी अभ्यास, मग फी

निकालांचा हंगाम आला, की दरवर्षी माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून येतो. "भाई, आयटीत जायचंय, कोणतं सर्टिफिकेट करू?" विचारणारा कधी मिरजेचा बीसीएचा विद्यार्थी असतो, कधी मालेगावची बीएस्सी झालेली मुलगी, कधी मुलाच्या वतीने चौकशी करणारे वडील. प्रश्नाबरोबर बहुतेक वेळा एक आकडाही असतो. पुण्यातल्या एखाद्या क्लासने सांगितलेली फी. कुणाला साठ हजार सांगितलेले असतात, कुणाला लाखाच्या वर. सोबत "शंभर टक्के प्लेसमेंट"चे आश्वासन आणि हप्त्यांची सोय.

हा विषय संपादकीयात घ्यावासा वाटला तो या आकड्यामुळे. हे पैसे घरात पडून नसतात. ते भिशीतून उचललेले असतात, अम्मीच्या बांगड्यांवर काढलेले असतात किंवा मामूंकडून उसने आणलेले असतात. ते वाया गेले तर एका मुलाचे वर्ष जातेच, शिवाय मागच्या बहिणीच्या शिक्षणाची पाळी आली की घरात "एकदा बघितलं ना" असे उत्तर मिळते.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगतो. व्यावसायिक सर्टिफिकेट उपयोगी असते. आपल्यातल्या अनेकांना तर ते इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते. पण बाजार त्याचा क्रम उलटा शिकवतो. बाजार सांगतो, आधी फी भरा, मग शिका, मग नोकरी लागेल. खरा क्रम असा आहे: आधी कोणते काम करायचे ते ठरवा, मग फुकट किंवा अगदी कमी खर्चात अभ्यास करा, हाताने काम करून बघा आणि सगळ्यात शेवटी परीक्षेची फी भरा.

सर्टिफिकेट या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी धरतो. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक घरात एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असते. २००१ पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम संगणक साक्षरतेचा आहे. सरकारी नोकरीच्या अर्जात तो लागतो, पण त्यावर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळत नाही आणि तो त्यासाठी नाहीही. दुसरा प्रकार म्हणजे क्लास किंवा वेबसाइट देते तो कोर्स पूर्ण केल्याचा कागद. तुम्ही हजर होतात, एवढेच तो सांगतो. तिसरा प्रकार खऱ्या व्यावसायिक सर्टिफिकेशनचा. यात शिकवणारा वेगळा आणि परीक्षा घेणारा वेगळा. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, रेड हॅट यांसारख्या कंपन्या किंवा कॉम्पटिया, आयएसटीक्यूबी यांसारख्या संस्था परीक्षा ठरवतात. ती देखरेखीखाली होते. उत्तीर्ण झालात, की ऑनलाइन तपासता येईल अशी नोंद मिळते. क्लासवाला स्वतःचा कागद दाखवून "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" म्हणत असेल तर एकच प्रश्न विचारा: परीक्षा कोण घेणार आणि निकालाची पडताळणी कुठे होणार?

आता ते आपल्याला जास्त उपयोगी का, ते पाहू. मोठ्या कंपन्या नव्या मुलांची भरती मुख्यतः नावाजलेल्या कॉलेजांच्या कॅम्पसवर करतात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते, की देशातल्या अग्रगण्य कॉलेजांमध्ये पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तर पातळीवर दर ५० मागे एक. म्हणजे आपली बहुसंख्य मुले कॅम्पसच्या दाराबाहेरून, ऑफ-कॅम्पस येणार. त्या रांगेत नाव आडवे येते हेही खरे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर ०.३३, म्हणजे साधारण एक तृतीयांश, निघाले.

सर्टिफिकेटने हा भेद संपत नाही. संपतो असे सांगणारा तुमची फसवणूक करतो आहे. पण परीक्षेचे यंत्र नाव बघत नाही, कॉलेज बघत नाही, आडगावचा पत्ता बघत नाही. ७२० गुण लागतात तर सगळ्यांना ७२०च लागतात. ज्याच्यामागे कॉलेजचे नाव नाही आणि कंपनीत ओळखीचा माणूस नाही, त्याच्या हातात एक तटस्थ पुरावा येतो. शेकडो अर्जांतून नेमका शब्द शोधणाऱ्या एचआरच्या चाळणीतून तो पुरावा अर्ज पुढे ढकलू शकतो. तिथे त्याचे काम संपते आणि तुमचे सुरू होते.

मी गेली काही वर्षे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. रेझ्युमेवर "अ‍ॅमेझॉन सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट" दिसले, की मी साधा प्रश्न विचारतो. सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल यांत फरक काय? "एक सर्व्हरच्या पातळीवर असतो, दुसरा सबनेटच्या" हे पाठ केलेले उत्तर बहुतेक जण देतात. मग मी विचारतो: तू एसीएलमध्ये आत येण्याचा नियम दिलास, तरी वेबसाइट उघडत नाही; कुठे बघशील? ज्याने खरोखर सर्व्हर उभा करून बघितला आहे तो लगेच सांगतो, "सर, बाहेर जाण्याचा नियम राहिला असेल." कारण सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या विनंतीचे उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो, एसीएल काही लक्षात ठेवत नाही, त्याला आत-बाहेर दोन्ही नियम वेगळे द्यावे लागतात. नेटवर्कच्या मुलाला मी /२६ च्या सबनेटमध्ये किती यंत्रे बसतील ते विचारतो. ६४ पत्ते, त्यांतले वापरायला ६२. अ‍ॅमेझॉनवर मात्र ५९, कारण तिथे प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात. हा फरक ज्याच्या बोलण्यात आपसूक येतो, त्याचे सर्टिफिकेट मग मला वेगळे तपासावे लागत नाही.

आता कोणते करायचे? उत्तर कामावर ठरते, फॅशनवर नाही. नेटवर्कमध्ये जायचे असेल तर सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा आजही पहिली पायरी आहे. २०२० मध्ये सिस्कोने सीसीएनएच्या अनेक शाखा मोडून एकच परीक्षा केली. ती १२० मिनिटांची आहे, फी ३०० डॉलर. सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे असेल तर आयएसटीक्यूबीची फाउंडेशन पातळी: ४० प्रश्न, त्यांपैकी २६ बरोबर हवेत, आणि हे प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. क्लाउडसाठी अ‍ॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्ट, दोन्हींपैकी एक धरा. अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही प्राथमिक परीक्षा १०० डॉलरची, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरची. दुसरीत ६५ प्रश्न, १३० मिनिटे आणि हजारापैकी ७२० गुण. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे भारतातले दर अमेरिकेपेक्षा कमी आहेत. लिनक्सच्या कामासाठी रेड हॅटची आरएचसीएसए. तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, चालू यंत्रावर काम करून दाखवायचे असते, म्हणून तिची किंमत मुलाखत घेणाऱ्याला कळते. सायबर सुरक्षेची सुरुवात कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसने करता येते.

काही नावे मात्र नवशिक्यांनी सध्या बाजूला ठेवावीत. पीएमपीसाठी पदवीधराला प्रकल्प सांभाळण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. सीआयएसएसपीसाठी सुरक्षा क्षेत्रातला साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. नुकत्याच पदवी झालेल्या मुलाला हे कोर्स विकणारा क्लास त्याला ही अट सांगत नाही. आणि ज्यांना प्रोग्रामिंगच करायचे आहे, त्यांनी सर्टिफिकेटपेक्षा स्वतः लिहिलेला, चालणारा, इतरांना उघडून बघता येईल असा कोड आधी तयार करावा. दोन नीट केलेले प्रकल्प पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात.

फीचा हिशोब आता पुन्हा बघा. क्लासचे ऐंशी हजार एकीकडे, आणि डॉलरच्या भावाप्रमाणे साधारण नऊ हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतची परीक्षा फी दुसरीकडे. मधले पैसे शिकवण्याचे आहेत, आणि शिकण्याचे बरेचसे साहित्य फुकट उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहे. अ‍ॅमेझॉनच्या स्किल बिल्डरवर पुष्कळ धडे फुकट आहेत. सिस्को नेटवर्किंग अकादमीवर नाव नोंदवले, की पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मिळते. त्यात खरे राउटर न घेता अख्खे नेटवर्क बांधून बघता येते. एनपीटीईएलवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. शिकणे मोफत आहे, परीक्षा द्यायची असेल तरच एक हजार रुपये. इंग्रजी अडत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतूनही आहेत. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, तो तुमची प्रयोगशाळा होईल. क्लाउडवर सराव करताना मात्र खर्चाचा इशारा आधी लावा आणि काम झाले, की यंत्र बंद करा. चालू राहिलेल्या सर्व्हरचे बिल कार्डावर येते.

क्लास लावूच नये असे मी म्हणत नाही. घरी जागा नाही, शिस्त राहत नाही, शंका विचारायला कुणी नाही, ही खरी कारणे आहेत. पण पैसे भरण्याआधी तीन आठवडे फुकट साहित्यावर अभ्यास करून बघा. विषय आवडतो का, कुठे अडते, ते कळेल. मग क्लासमध्ये एक-दोन तास बसून बघा, मागच्या बॅचच्या मुलांशी त्यांच्या गैरहजेरीत बोला, आणि "प्लेसमेंट गॅरंटी" लेखी मागा. कागदावर बहुतेक वेळा "सहाय्य" हा शब्द येतो. हप्त्याच्या नावाखाली तुमच्या नावावर कर्ज काढले जात असेल तर क्लास बंद पडला तरी ते कर्ज तुमच्याच नावावर राहते, हे सही करण्याआधी अब्बांना समजावून सांगा.

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे "एक्सपिरियन्स लावून देतो" असे सांगणारे. बंद पडलेल्या किंवा नावापुरत्या कंपनीचे दोन-तीन वर्षांचे अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, सगळे तयार. हे चालते कारण काही दिवस ते खपते. पण कंपन्या आता रुजू झाल्यावरही पडताळणी करतात, पीएफची नोंद बघतात. सापडले, की नोकरी त्याच दिवशी जाते आणि पुढच्या ठिकाणी जुन्या कंपनीचे नाव सांगण्याचीही सोय राहत नाही. त्याच कॉलेजचा, त्याच मोहल्ल्याचा पुढचा मुलगा मग जास्त संशयाने तपासला जातो. एकाच्या खोटेपणाची किंमत दुसऱ्याने द्यायची, हा अन्याय आपण आपल्याच माणसावर करतो.

डम्पचा प्रकारही याच जातीचा. परीक्षेतले प्रश्न चोरून, पाठ करून विकणाऱ्या वेबसाइट आहेत. मित्र म्हणतात, "सगळेच करतात." परीक्षेला बसताना आपण प्रश्न उघड न करण्याच्या करारावर मान्यता देतो. उत्तरांच्या नमुन्यावरून गैरप्रकार ओळखले जातात, निकाल रद्द होतो, पुन्हा बसण्यावर बंदीही येऊ शकते. ते टळले तरी मुलाखतीतला दुसरा प्रश्न टळत नाही. सराव परीक्षा जरूर द्या, पण बरोबर उत्तर का बरोबर आणि बाकीचे पर्याय का चूक, हे सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

काही व्यावहारिक गोष्टी आपल्या वाचकांसाठी खास. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फीही बुडू शकते. आपल्याकडे हा घोळ नेहमीचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसते "एमडी". शेखचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरे. लग्नानंतर मुलींच्या नावात आणखी भर. म्हणून नोंदणी करण्याआधी, जे ओळखपत्र दाखवणार त्यावर आहे तसेच, अक्षरन् अक्षर नाव भरा. कोणते ओळखपत्र चालते ते बुकिंग करतानाच वाचा.

घरबसल्या परीक्षेची सोय मुलींना सोयीची वाटते, आणि ती आहेही. पण तिची अट कडक असते. खोलीत तुमच्याशिवाय कुणी नको, टेबल रिकामे हवे, चेहरा कॅमेऱ्यासमोर पूर्ण वेळ दिसायला हवा. दोन खोल्यांच्या घरात मध्येच धाकटा भाऊ आत आला तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते. अशा घरातल्या मुलीने केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी, आणि घरच्यांनी तिच्याबरोबर शहरापर्यंत जाण्याचा एक दिवस काढावा. मुलाच्या क्लाससाठी लाख उभे करणाऱ्या घराला हा एक दिवस जड नसावा.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक सोय आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना अ‍ॅमेझॉनच्या परीक्षेत ३० मिनिटे जादा मिळतात, पण त्याची विनंती परीक्षेची तारीख घेण्याआधी करावी लागते. आयएसटीक्यूबीमध्ये परकीय भाषेतून परीक्षा देणाऱ्याला २५ टक्के जादा वेळ, म्हणजे ६० ऐवजी ७५ मिनिटे मिळतात. हा तुमचा हक्क आहे, तो मागायला संकोच कसला?

शेवटची सावधगिरी संग्रहाची. सीसीएनए आणि अ‍ॅमेझॉनची प्रमाणपत्रे तीन वर्षांनी संपतात. मायक्रोसॉफ्टची कामानुसार असलेली प्रमाणपत्रे दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावी लागतात, ते फुकट होते. एके काळी एमसीएसई हे अक्षर रेझ्युमेवर असणे म्हणजे केवढा मान. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२१ च्या अखेरीस बंद केले. ज्यांनी त्यातून सर्व्हर, नेटवर्क, परवानग्या समजून घेतल्या होत्या, ते क्लाउडवर सहज गेले. ज्यांच्याकडे फक्त अक्षरे होती, त्यांची अक्षरे गेली. म्हणून पाच प्रमाणपत्रांच्या मागे धावू नका. एक घ्या, त्यावर काम मिळवा, दुसरे शक्यतो कंपनीच्या खर्चाने घ्या. अनेक कंपन्या तो देतात.

आता प्रश्न आपल्या सगळ्यांचा. आपल्या मोहल्ल्यांत, तालुक्यांत वाचनालये आहेत, शाळांच्या वर्गखोल्या रविवारी रिकाम्या असतात. पाच-सहा मुला-मुलींचा एक अभ्यासगट, एक इंटरनेट जोडणी, दोन जुने लॅपटॉप आणि आठवड्याला दोन तास देणारा नोकरीतला एक माणूस, एवढ्यावर तीन-चार महिन्यांत एखादी प्राथमिक परीक्षा देण्याइतकी तयारी होते. जमातीतल्या, संस्थेतल्या ज्यांना आर्थिक मदत करायची आहे, त्यांनी ती क्लासच्या फीसाठी न देता परीक्षेच्या फीसाठी द्यावी, आणि सराव परीक्षेत सलग तीन वेळा चांगले गुण मिळवणाऱ्याला द्यावी. मुलीला आणि मुलाला एकाच निकषावर द्यावी. घेणाऱ्याने नोकरी लागल्यावर ती पुढच्या मुलासाठी परत करावी. एका क्लासच्या फीमध्ये अशा पाच-सहा जणांच्या प्राथमिक परीक्षा होऊ शकतात.

आयटीत आधीच असलेल्या माझ्या मित्रांना माझी विनंती आहे, की या रविवारी आपल्या गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला फोन करा. सल्ला देऊ नका, त्याची किंवा तिची अर्ध्या तासाची मुलाखत घ्या. कुठे अडते ते सांगा आणि महिनाभराने पुन्हा घ्या. आणि जे आज फीचा आकडा हातात धरून बसले आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी एवढेच करावे: आपल्याला हव्या असलेल्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचाव्यात, त्यांत वारंवार येणारी कौशल्ये वहीत लिहावीत आणि त्यातले पहिले कौशल्य आज रात्रीपासून शिकायला घ्यावे.